उशिराचं शून्य

"मॅडम, सगळ्या वर्गाला नापास करून तुम्हाला काय मिळणार आहे?" विभागप्रमुख खुर्चीत मागे रेलत म्हणाले.

मी उभीच होते. बसा, असं त्यांनी म्हटलं नव्हतं आणि मलाही बसायचं नव्हतं.

"मला काय मिळायचंय, सर? वेळेवर देणाऱ्या सगळ्यांचं उत्तर चुकलंय. तेही एकसारखं चुकलंय."

मी त्यांच्या टेबलावर प्रिंट पसरले. भिंतीला दोन बोल्टांनी बसवलेलं लोखंडी ब्रॅकेट. त्याच्यावर वजन टांगलं तर ते कुठे, किती ताण सोसेल हे कॉम्प्युटरवर काढायचं, एवढाच प्रोजेक्ट. कुणा एका दिवट्यानं बोल्ट विसरून ब्रॅकेटची अख्खी पाठच भिंतीला चिकटवून टाकली. बाकीच्यांनी ती फाइल जशीच्या तशी उचलली आणि नाव तेवढं बदललं. चित्रं काय देखणी आली होती! ताण मात्र खऱ्याच्या एक तृतीयांश. या हिशेबावर कुणी खरंच ब्रॅकेट बसवलं, तर ते वजनासकट कुणाच्या तरी डोक्यात पडेल.

म्हणून तर माझा नियम आहे. आधी कागदावर हातानं गणित, मग कॉम्प्युटर, आणि दोन्ही उत्तरं जुळवून दाखवायची. गणित नसेल तर प्रोजेक्टला गुण नाहीत. मुदत टळली तर शून्य. सत्राच्या पहिल्याच तासाला मी हे वाचून दाखवते, तरी फाइल उचलणाऱ्यांपैकी एकानंही गणित केलं नव्हतं. कॉम्प्युटरवर भागाचे बारीक तुकडे पाडतात, त्याला जाळी म्हणतात. ती नीट पाडा म्हणून मी सारखी कोकलत असते, त्यामुळे पोरांनी मला जाळीबाई करून टाकलंय. म्हणेनात का.

"हातानं गणितं करायची तर एवढे कॉम्प्युटर घेतले कशाला?" सर हसले. "ती अट काढून टाका. चित्रांना गुण द्या आणि मोकळ्या व्हा."

"आणि त्या एकीचं काय?"

ती एकजण म्हणजे वर्गात कधी तोंड न उघडणारी मुलगी. पास झाली तर पुढच्या महिन्यात नोकरीवर हजर व्हायचं, असं तिचं ठरलेलं. तिनंही आधी पाठ चिकटवण्याचीच चूक केली होती. पण तिनं गणितही केलं होतं आणि ते काही केल्या जुळेना. मग तिनं सगळं पुसून बोल्ट धरून पहिल्यापासून नवी जाळी पाडली. त्यात रिपोर्टला पाऊण तास उशीर झाला, असं तिनंच मला सांगितलं होतं.

"तिला उशीर झाला ना? मग शून्य. नियम तुमचाच आहे, मॅडम."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"आणि बाकीच्यांसाठी जो मोडायला सांगताय, तो नियम कुणाचा आहे, सर?"

"हे बघा, बाकीच्यांचे पालक उद्या दारात येऊन उभे राहतील. तिचं कोण येणार आहे?"

इतकं निर्लज्ज आणि इतकं खरं बोलणं मी त्या खोलीत पहिल्यांदाच ऐकलं.

"एकतर तिलाही गुण द्या, नाहीतर कुणालाच नको. असल्या निकालावर मी सही करणार नाही."

"नका करू. मी करतो."

आणि केलीच. दुपारी निकाल लागला. व्हरांड्यात पोरं एकमेकांच्या पाठी बडवत होती. त्यांतला एकजण मला चक्क "थँक यू मॅडम" म्हणाला. तोंडावर आलेली शिवी मी गिळली आणि लॅबमध्ये जाऊन बसले.

थोड्या वेळानं ती आली. डोळे लाल होते, पण रडून झालेलं होतं.

"ये गं," मी म्हटलं. "मी वरपर्यंत जाते. असं सोडणार नाही मी."

"तुम्ही भांडलात मॅडम. बाहेरपर्यंत ऐकू येत होतं." तिनं पिशवी टेबलावर ठेवली. "नोकरीवाल्यांना मी फोन केला. ते थांबणार नाहीत म्हणाले."

मुदतीची ती ओळ माझ्याच हातची होती, आणि सरांनी नेमकी तेवढीच जपली.

"एक विचारू, मॅडम?" तिनं पिशवीतून रिपोर्ट काढला. "उशिरा आलेला तपासत नाहीत ना. म्हणजे माझं उत्तर बरोबर आहे का, ते कुणी बघितलंच नाही."

मी शेजारची खुर्ची ओढली, तिला बसवलं आणि लाल पेन उघडलं. पहिल्या पानापासून सुरुवात केली. गणिताची ओळन् ओळ पाहिली, बोल्ट पाहिले. एका कोपऱ्यात जाळी जरा विरळ वाटली, तसं बाजूला लिहिलं. ती वाकून पाहत होती. "इथे अजून बारीक हवी होती का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "हो." तिनं मान डोलावली.

शेवटच्या पानावर मी अक्षर नीट काढलं. "बरोबर" एवढंच लिहिलं. शेजारी गुणांची चौकट होती, ती रिकामी सोडली आणि रिपोर्ट तिच्या हातात दिला.