वरचा अर्धा

मी एक जुना पट्टा आहे, मित्रांनो. कमरेला बांधायचा नव्हे, मोटारगाडीतला; आणि तोही पुरता नव्हे, वरचा अर्धा. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला स्वतःलाच खात्री नाही. पण जानेवारीतल्या एका दुपारी एक बाई आणि तिच्या पोटातले बाळ माझ्या भरवशावर बसले होते, आणि तो भरवसा अर्धाच खरा होता. तेवढे तरी सांगितले पाहिजे.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. त्या काळी तिथली माणसे पट्टा लावायचा कंटाळा करीत. तेव्हा सरकारने गाड्या बनवणाऱ्यांना सांगितले की माणसाने बोटही न हलवता गाडीने त्याला धरून ठेवले पाहिजे. त्या हुकुमातून माझ्यासारखे पट्टे निघाले. माझे एक टोक दोन सीटांमधल्या रिळात गुंडाळलेले होते. दुसरे टोक दाराच्या वर, खिडकीच्या कडेने गेलेल्या पन्हळीत बसवलेले होते. दार उघडले की एक छोटी मोटर मला पुढच्या काचेकडे नेई. दार लावून किल्ली फिरवली की घुर्रर करीत मागे, बसणाऱ्याच्या खांद्याशी आणून सोडी. येता येता मी छातीवर आडवा होई. गाडीला जोराचा हिसका बसला की रीळ आवळे आणि मी ताठ उभा राही.

माझा एक धाकटा भाऊ होता, कमरेचा पट्टा. त्याला मोटर नव्हती. सीट आणि दार यांच्या फटीत तो गप्प पडून असे. त्याला हाताने ओढून लावावे लागे. माझ्याकडे छाती, त्याच्याकडे कंबर, अशी आमची वाटणी होती. तो नसला तर धक्क्यासरशी माणूस माझ्या खालून पुढे घसरतो, आणि मग मी छातीवर राहत नाही, गळ्याशी येतो. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. सांगायला तोंड मात्र नव्हते.

आमची गाडी रेइनो हार्यू यांच्या घरी आली. रेइनो लोखंडाच्या खाणीतून निवृत्त झालेले, मूळ फिनलंडचे गृहस्थ. सुपीरियर सरोवराच्या दक्षिणेला त्यांचे गाव, जिथे वर्षातले पाच महिने बर्फच असतो. त्यांची बायको आइली माझ्या सीटवर बसे. पहिल्याच दिवशी मी धावत आलो तो तिच्या मांडीवरच्या वेलचीच्या पावाचा डबा उलटा करून.

"अगं बाई! रेइनो, हा उंदीर कुठून आला रे?"

"नव्या गाडीत असतात असे उंदीर," रेइनो हसून म्हणाले. "आपल्याला काही करायला नको. आपोआप बांधतो."

'आपोआप' हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला आणि फुगलो. पण त्याच शब्दाने माझ्या भावाला पुरले. पट्टा अंगावर आला, म्हणजे काम झाले, असे सगळे समजले. त्याच्या फटीत पावाचा चुरा साठला, कॉफी सांडली, एक हातमोजाही हरवला. अशी दहा वर्षे गेली. प्रत्येक घाटाला आणि प्रत्येक करकचून लावलेल्या ब्रेकला माझा जीव टांगणीला लागे. गावात माझे कौतुक होत होते आणि मी मनातून घाबरलेला होतो.

ती दुपार आली तेव्हा त्यांची लेक सिल्वी माहेरी होती. दिवस भरत आले होते. तिचा नवरा रस्त्यांवरचा बर्फ लोटणारा ट्रक चालवी. आदल्या दिवसापासून वादळ होते, म्हणून तो कामावरच अडकला होता. जेवण झाले आणि तिला कळा सुरू झाल्या. दवाखाना चाळीस मैलांवर.

गाडीचे दार गोठून बसले होते. रेइनोंनी घाईघाईत सौनातले कढत पाणी बादलीभर आणले आणि दारावर ओतले. सौना म्हणजे त्यांची परसातली वाफेची न्हाणी. दार उघडले. पण पाणी माझ्या पन्हळीत शिरले आणि तिथे क्षणात पुन्हा गोठले.

सिल्वी बसली. आई मागे बसली. किल्ली फिरली. मी निघालो, आणि खिडकीच्या मध्यावर अडकलो. मोटर कण्हत राहिली. मी सिल्वीच्या तोंडासमोर तिरका लोंबकळत होतो.

"चल रे उंदरा, आजच कुठे मेलास?" रेइनोंनी उतरून तिच्या बाजूचे दार उघडले, लावले, पुन्हा उघडले. मी हललो नाही.

"बाबा, राहू दे ना तो! निघू या."

"पट्ट्याशिवाय? या रस्त्यावर?" रेइनोंचा आवाज चढला. "ते गाडीचं पुस्तक कुठंय?"

"कुठं असणार?" मागून आइली म्हणाली. "सौना पेटवायला कोणी घेतलं होतं? मी सांगत होते, जुनी वर्तमानपत्रं घे म्हणून."

सिल्वीला पुन्हा कळ आली. तिने दाराची कडी घट्ट धरली. रेइनोंनी काहीतरी सापडेल म्हणून तिच्या डोक्यावरची ऊन अडवायची फळी खाली ओढली. तिला रबराने त्यांचा मासेमारीचा परवाना बांधलेला होता, दर वर्षी नवा, त्याच जागी. त्यांनी तो उपसून काढला. खाली एक पिवळी चिठ्ठी होती, दहा वर्षांपूर्वी कारखान्यात चिकटवलेली.

त्यांनी चष्मा वर केला आणि मोठ्याने वाचले. "खांद्याचा पट्टा आपोआप येतो. कमरेचा पट्टा हाताने लावा. तो नसल्यास..." पुढचे त्यांनी मनातच वाचले.

आइली पुढे वाकली आणि तिनेही चिठ्ठी वाचली.

"म्हणजे दहा वर्षं," आइली हळू म्हणाली, "मी नुसताच डबा धरून बसत होते होय?"

रेइनोंनी फटीत हात घातला. चुरा निघाला, हातमोजा निघाला आणि शेवटी माझा भाऊ निघाला, मळलेला, पण धड.

"पोटावर दाबेल ना, आई?"

"पोटावर नाही गं राणी, पोटाखालून. मांड्यांच्या अगदी मुळाशी. हं, अस्सा. ओढ."

रेइनो त्याचे टोक खाचेत घालू लागले. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा आवाज आला, टक्.

एव्हाना गाडीतला हीटर तापला होता. रेइनोंनी दार लावून छताच्या कडेवर मुठीने एक दणका दिला, पन्हळीतला बर्फ कडकन फुटला आणि मी धावलो. पण मित्रांनो, पहिल्यांदाच मी एकटा नव्हतो.

बावीस मैल नीट गेले. दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती, मध्ये रस्त्याची पांढरी पट्टी. सिल्वी श्वास मोजत होती. एका वळणानंतर भिंतीवरून एक हरिणी खाली उतरली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

"रेइनो!"

ब्रेक लागला. गाडी थांबली नाही, आडवी सरकत गेली. हरिणी निसटली, उजवीकडची बर्फाची भिंत आमच्यावर आली.

रीळ आवळले. सिल्वीचा सगळा भार माझ्यावर आला. मी ताणला गेलो, माझे धागे करकरले, आणि मी त्याच क्षणाची वाट पाहू लागलो, की ती आता खाली घसरेल. ती घसरली नाही. खाली कोणीतरी तिला घट्ट धरले होते. दहा वर्षे चुऱ्यात पडलेल्या माझ्या भावाने तिची कंबर जागची हलू दिली नाही.

मग सगळे शांत झाले. काचेवरून बर्फ घरंगळत होता.

"सिल्वी?" रेइनो तिच्याकडे वळले. "पोरी?"

दोन्ही हात पोटावर ठेवून ती ऐकत होती.

"लाथ मारली," ती म्हणाली. "जोरात मारली."

"हार्यूंचंच आहे," आइली रडत रडत म्हणाली. "उशीर झाला की लाथा."

तिच्या बाजूचे दार बर्फात रुतले होते. दार उघडल्याशिवाय मला पुढे सरकता येत नाही. अशा वेळेसाठी माझ्या टोकाला एक लाल बटण होते. ते दाबताच मी सुटलो, भाऊही आपल्या बटणाने सुटला, आणि ती रेइनोंच्या बाजूने बाहेर आली. थोड्या वेळाने बर्फ लोटणारा एक ट्रक आला. तिच्या नवऱ्याचा नव्हता, पण चालकाने बिनतारी यंत्रावरून त्याला निरोप दिला आणि तिघांना दवाखान्यात पोहोचवले. संध्याकाळी मुलगी झाली. तिचे नाव ठेवले वेर्ना.

आता मी थकलो आहे. मोटर मधूनच झोपते आणि रेइनो मला हाताने ओढून जागेवर आणतात. मला त्याचे वाईट वाटत नाही. दहा वर्षे मी न चुकता धावलो आणि कोणी चिठ्ठी वाचली नाही; एकदा अडकलो तेव्हा वाचली. माझ्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम माझे होते, की सौनातल्या त्या बादलीभर पाण्याचे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

मित्रांनो, एवढेच मागतो. जे आपोआप होते त्याच्यावर प्रेम करा, पण त्यातला तुमचा अर्धा विसरू नका. तो फटीत कुठेतरी पडलेला असतो. हात घालून काढा.

मासेमारीचा परवाना आता रेइनोंच्या खिशात असतो. चिठ्ठी उघडी आहे. वेर्ना चार वर्षांची झाली, मागच्या सीटवर स्वतःच्या पट्ट्यात बसून ती ओरडते, "आजोबा, आजी, टक्!" तो आवाज ऐकू येईपर्यंत रेइनो किल्ली फिरवत नाहीत. आणि मी पुढे, काचेपाशी, श्वास रोखून थांबलेला असतो.

टक् होते. मग मी निघतो.