काचेवरचं हिरवं

मी एक जुना समुद्री अर्चिन आहे. मला कधी पाहिलं नसेल, तर एका मोठ्या लिंबाला सगळीकडून जांभळट काटे फुटलेत असं समजा, म्हणजे झालो मी. इथे क्युबात मला एरिसो म्हणतात.

मित्रांनो, मला डोळे नाहीत. उजेड माझ्या अंगभर लागतो. तोंड पोटाखाली आहे आणि त्यात पाच दात. ज्यावरून चालतो तेच खरवडून खातो, म्हणून मला एका जागी बसवत नाही. बसलो की उपाशी राहिलो.

कायबारियेनच्या किनाऱ्याजवळ, उथळ पाण्यातल्या गवतात माझा जन्म झाला. तिथून मला एलिहिओ न्हाव्यानं उचललं. घराची पुढची खोली हेच त्याचं दुकान. एक उंच खुर्ची, एक आरसा आणि त्याशेजारी समुद्राच्या पाण्याची काचेची पेटी. तिच्यात दोन पिवळे मासे आधीपासून होते.

“हे काय आणलंस, म्हाताऱ्या?” त्याच्या बायकोनं, सोराइदानं विचारलं.

“एरिसो. काच खरवडून साफ करतो.”

“मग तुझ्यापेक्षा बरा. घरात काहीतरी साफ करतो.”

ते दिवस कामाचे होते. मी काचेवरचं शेवाळ खात फिरायचो. उजेड बोचू नये म्हणून शिंपल्याचा एखादा तुकडा डोक्यावर धरायचो. गिऱ्हाइकं म्हणायची, “एलिहिओ, तुझा एरिसो टोपी घालून बसलाय. त्याचेही केस कापायचेत का?” पुढची काच एलिहिओ पुसायचा, पण मागच्या काचेला आणि दगडांना तो कधी हात लावत नसे. पाणी आटलं की साधं पाणी घालायचा, कारण उन्हानं पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. अधूनमधून मात्र खडकांवर जाऊन समुद्राचं ताजं पाणी आणायचा आणि थोडं जुनं काढून ते घालायचा.

अशाच एका सकाळी बादली भरताना तो खडकावरून घसरला. खुब्याचं हाड मोडलं. त्याला सांता क्लाराच्या इस्पितळात नेलं.

सोराइदा घरात एकटी राहिली. काळजीनं तिचे हात थांबेनात. तिनं फरशी घासली, खिडक्या घासल्या, खुर्चीचे पाय घासले. मग ती आमच्याकडे वळली. तिनं पेटीच्या चारही काचा आतून पुसल्या. दगड बाहेर काढून ब्रशनं घासले. खोली लख्ख झाली.

माशांना ती दाणे टाकायची. ते तळाशी पोचायच्या आत संपत. मी चालू लागलो. एका काचेवरून दुसऱ्या काचेवर, वर पाण्याच्या कडेपर्यंत, पुन्हा खाली. दात नुसत्या काचेवर घासत होते. मी रात्रंदिवस फिरलो, आणि जेवढा फिरलो तेवढा उपाशी झालो. थोडं कुठे हिरवं उगवलं की तिचं फडकं तिथे आधी पोचायचं. शेवटी शिंपला धरायचं बळ राहिलं नाही. काचेवरची पकड सुटू लागली. काटे आडवे पडले, मग एकेक करून गळू लागले.

शेजारची मिग्दालिया कॉफी प्यायला आली होती. तिनं पेटीत डोकावून पाहिलं.

“अगं सोराइदा, यानं टोपी काढून ठेवली. आता केसही गळतायत. न्हाव्याच्या घरात बरं दिसतं का हे?”

सोराइदा हसली नाही. वाळूतले काटे तिनंही पाहिले होते, आणि फोनवर एलिहिओला सगळं छान आहे म्हणून सांगितलं होतं.

“भूक लागली असेल त्याला,” मिग्दालिया म्हणाली. “भात घालून बघ. वर थोडे काळे घेवडे वाढ.”

सोराइदानं खरंच चिमूटभर भात पाण्यात टाकला. मग तिला राहवेना. तिनं फोन लावला.

“म्हाताऱ्या, तुझा एरिसो मरतोय. मी इतकी स्वच्छता ठेवली, काचा आरशासारख्या चमकतायत.”

“मागची काच पण?” त्यानं विचारलं.

“सगळ्या.”

“अगं, ते हिरवं म्हणजे त्याचं ताट होतं.”

ती खाली बसली. “आणि मी भात घातला.”

“तो आधी काढ, पाणी नासेल. मग खडकावर जा. पातळ हिरव्या पानांसारखं शेवाळ असतं, ते आण. दगडाला दोऱ्यानं बांध आणि त्याच्याजवळ ठेव. सोराइदा, खडकावर जपून जा.”

तो पडल्यापासून ती त्या खडकांकडे फिरकली नव्हती. त्या दुपारी गेली. मिग्दालियाचा दंड धरून, एकेक पाऊल चाचपत गेली, आणि ओलीचिंब होऊन परत आली. शिवणाचा दोरा, गुळगुळीत दगड आणि त्यावर बांधलेलं समुद्राचं हिरवं पान. तिनं तो दगड माझ्यापाशी ठेवला. मी किती वेळ हललो नाही कोण जाणे. मग माझा पाय त्या पानाला लागला. मी खाल्लं. मित्रांनो, ती चव मी तुम्हाला सांगू शकत नाही.

हळूहळू काटे पुन्हा उभे राहिले. मागची काच तिनं हिरवी होऊ दिली.

मग एलिहिओ काठी टेकत घरी आला. आता तिची सगळी काळजी त्याच्याकडे वळली. खुर्चीवर चादर पडली. कात्र्या वरच्या कपाटात गेल्या. गिऱ्हाईक आलं की ती दारातूनच सांगायची, “त्यानं उभं राहायचं नाही.” त्याला वेळेवर जेवण होतं, धुतलेला सदरा होता, उशी होती. तो दारापासून पेटीपर्यंत जायचा आणि पेटीपासून दारापर्यंत. दिवसभर काठीचा आवाज.

“बस की जरा, म्हाताऱ्या.”

“बसून काय करू?”

“तुला इथे काय कमी आहे?”

“काहीच नाही,” तो म्हणाला. “सगळं लख्ख आहे.”

ती तेव्हा माझ्यासाठी पान ठेवत होती. तिचा हात पाण्यातच थांबला. बोटं मला लागली तरी तिला कळलं नाही.

मग तिनं हात पुसले. स्टूल घेऊन कात्र्या खाली काढल्या, खुर्चीवरची चादर ओढली आणि स्वतः त्या खुर्चीत बसली.

“मानेवरचे कमी कर,” ती म्हणाली. “आणि दमलास तर माझ्या खांद्यावर टेक. पण काप.”

एक बाजू दुसरीपेक्षा आखूड झाली. मिग्दालियानं विचारलं, “कोणाशी झटापट केलीस?” सोराइदा तशीच बाजारात जाऊन आली, आणि वाटेत भेटेल त्याला सांगत आली की न्हावी कामाला लागलाय, दुकान उघडं आहे.

मित्रांनो, तुम्ही कधी एखादा जीव घरी आणाल, पाण्यातला किंवा दुसरा कुठला, तर त्याला निगुतीनं ठेवालच. पण त्याआधी तो कशावर जगतो हे विचारून घ्या. माहीत नसेल तर ज्याला माहीत आहे त्याला फोन लावा, त्यात लाज कसली. आमच्यापैकी पुष्कळांना हाक मारता येत नाही. आम्ही नुसते फिरत राहतो, आणि मग आमचे काटे गळतात.