मॅटला पडलेला खळगा

गोल्फची मॅट गुंडाळायची नसते आणि उभीही करायची नसते, असं नेव्हिल प्रिडोचं ठाम मत होतं, आणि हे मत तो न विचारताही सांगत असे. गुंडाळली की ती वाकडेपणा सोडत नाही, उभी केली की कमरेत बसते. तिला जमिनीवर सपाट झोपवावं, बस्स. आता डब्बो गावातल्या त्याच्या गॅरेजमध्ये दोन गाड्या, एक मोठा फ्रीझर आणि बायको कोरलच्या मुरंब्याच्या बरण्यांचं कपाट, एवढा पसारा असताना ती जड रबरी मॅट झोपणार कुठे? नेव्हिलने उत्तर काढलं होतं. कोरलच्या छोट्या गाडीच्या चाकांमधल्या जागेत मॅट बरोबर मावत होती. सकाळी बायको गाडी बाहेर काढायची, हा मॅट ओढत मागच्या अंगणात न्यायचा, जाळीत पाच-पन्नास चेंडू मारायचा आणि पुन्हा जागच्या जागी आणून ठेवायचा. वर्षानुवर्षं असं छान चाललं होतं.

यंदा थंडी सुरू झाली आणि कोरलने मध्येच फर्मान काढलं की मॅट तिच्या गाडीखाली नको. खाली ओल धरते, कोळी होतात. मॅट समोरच्या भिंतीला टेकवून उभी करायची, नेव्हिलच्या गाडीच्या पुढ्यात. नेव्हिल बघतच राहिला. या बाईने लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत गोल्फबद्दल एकच मत दिलं होतं, ते म्हणजे चेंडू हरवायला इतका खर्च कशाला. आणि आता मॅट कुठे ठेवायची हे ती सांगणार? त्याने शास्त्र सांगितलं, कमरेत बसण्याचं सांगितलं. कोरलने ऐकून घेतलं, आणि तो क्लबात गेला असताना सामान वाहायच्या ढकलगाडीवर घालून मॅट एकटीने भिंतीशी नेऊन उभी केली. नकली हिरवळीची बाजू भिंतीकडे, रबराची बाजू गाडीकडे. घरातले वाद जसे संपतात तसा हाही संपला.

नेव्हिलने भांडण फार ताणलं नाही, कारण त्याला दुसरी चिंता होती. पंच्याहत्तरी ओलांडली की दर वर्षी डॉक्टर तपासतो आणि तो हो म्हणाला तरच लायसन्स राहतं. यंदाची तपासणी तोंडावर आली होती. नेव्हिलने उभा जन्म शाळेची बस चालवली होती. गावातली निम्मी माणसं लहानपणी त्याच्या बसमधून शाळेत गेली होती आणि अजून त्याला रस्त्यात हात करत होती. घर गावाबाहेर हमरस्त्याला, क्लब लांब, बस येत नाही. गाडी गेली तर आपण खिडकीत ठेवलेली कुंडी होऊ, असं त्याला वाटायचं. मुलगी तान्या इस्पितळात परिचारिका होती. ती दर रविवारी जेवायला आली की सहज विचारल्यासारखं विचारायची, संध्याकाळी उजेडाचा त्रास होतो का, मान वळते का. नेव्हिल दूधखुळा नव्हता. तो प्रत्येक वेळी मान दोन्हीकडे वळवून दाखवायचा.

जुलैत, तिकडच्या ऐन थंडीत, त्याचे फटके बिघडले. चेंडू ठेवावा तर तो आपला आपण घरंगळून एका जागी जाऊन बसायचा, आणि काठी चेंडूच्या आधी मॅटला लागायची. त्याने गुडघ्यावर बसून हात फिरवला. मॅटच्या मधोमध चांगला खळगा पडला होता.

कमरेत बसली, असं तो आधी विजयाने म्हणाला. पण उभ्याने बसलेली मॅट खालून फुगते, तिला मधे खळगा कशाने पडेल? उन्हाने म्हणावं तर सकाळी गवतावर पांढरं दहिवर पडत होतं. त्याने मर्व्हला विचारलं. मर्व्ह त्याचा जुना दोस्त, दर बुधवारी आपल्या गाडीतून त्याला मैदानावर नेणारा. मर्व्ह म्हणाला, "गड्या, खळगा मॅटमध्ये नाही, तुझ्या कमरेत आहे." सल्लागार असे असल्यावर माणसाने स्वतःच शोध लावलेला बरा. नेव्हिलने मॅट उलटी केली आणि चष्मा पुसला. रबरावर एक आडवी लांबट चौकट उमटली होती आणि चौकटीत दोन गोल ठसे होते. नंबरप्लेट, आणि तिचे दोन स्क्रू.

म्हणजे कोणाची तरी गाडी मॅटला टेकत होती, आणि तीही एकदा-दोनदा नव्हे. आता नेव्हिल खरा बुचकळ्यात पडला. ही जागा त्याच्या गाडीची. पण त्याची गाडी टेकणं शक्यच नव्हतं, कारण छताच्या आढ्याला त्याने टेनिसचा चेंडू दोरीने टांगून ठेवला होता. चेंडू काचेला लागला की थांबायचं, पुढे दोन वीत जागा मोकळी राहते. हे मोजमाप त्याने स्वतः केलं होतं. मग उरली कोरल. पण कोरलची गाडी पलीकडे उभी असायची. म्हणजे बुधवारी तो मर्व्हबरोबर गेला की कोरल त्याची गाडी बाहेर काढत होती? जी बाई ही गाडी चालवणं म्हणजे होडी वल्हवणं आहे म्हणायची, ती? आणि काढली तर बोलली का नाही?

त्याने स्वयंपाकघरात जाऊन विचारलं. कोरल कपबशा विसळत होती. ती पाण्याकडे बघत म्हणाली, "मीच असेन. कधीमधी काढते मी तुझी."

"अगं, मग चेंडू लागला की ब्रेक मारायचा, एवढं काय अवघड आहे त्यात?"

"चुकतं माझं," कोरल म्हणाली.

चुकतं माझं, हे शब्द नेव्हिलने या तोंडून आजवर ऐकले नव्हते. खरं तर इथेच त्याने चमकायला हवं होतं. पण त्याला इतकं हलकं वाटलं की तो उलट उदार झाला. ब्रेकवर पाय कसा अलगद ठेवावा, यावर त्याने तिला चहा संपेपर्यंत शिकवणी दिली. कोरलने ती पूर्ण ऐकली.

रविवारी तान्या आली. मेंढीचं भाजलेलं मटण, बटाटे, भोपळा, सगळं टेबलावर मांडलं होतं. नेव्हिलला गोष्ट पोटात ठेवणं कधीच जमलं नाही. त्याने मॅटचं रहस्य रंगवून सांगितलं, खळग्यापासून स्क्रूच्या ठशांपर्यंत, आणि शेवटी बायकोकडे काटा रोखून म्हणाला की हिला ब्रेक सापडत नाही. तो एकटाच हसला. तान्याने सुरी खाली ठेवली.

"आई, किती वेळा झालं असं?"

"बरेचदा," कोरल म्हणाली.

तान्याने आवाज चढवला नाही. पेशंटशी बोलतात तसं ती बोलली, आणि तेच जास्त लागलं. डोळे तपासू, डोकंही तपासू, तोपर्यंत गाडी नको. नेव्हिलला वाटलं, आता वणवा पेटणार. कोरलची बहीण ग्लेंडा शेजारच्या गावात वृद्धाश्रमात होती. तिला आता कोणी ओळखू येत नव्हतं, तरी कोरल दर गुरुवारी गाडी घेऊन जायची आणि तिचे केस विंचरून यायची. तो गुरुवार कोरलने पुराच्या वर्षीही चुकवला नव्हता. पण कोरल उठली, दाराजवळच्या खुंटीवरून आपली किल्ली काढली आणि रश्शाच्या भांड्याशेजारी ठेवली. आणि बसून बटाटा कापू लागली.

 ही बाई किराणावाल्याशी पाच सेंटसाठी भांडते. ही आपला गुरुवार असा देऊन टाकते? काहीतरी बसत नव्हतं. आइस्क्रीम आणतो म्हणून तो उठला आणि गॅरेजमध्ये आला.

तो फ्रीझरकडे गेलाच नाही. गाडीत बसला, ती मागे रस्त्यापर्यंत नेली आणि रोज आणतो तशी हळू आत आणली. चेंडू काचेला लागला. लागला त्याच क्षणी त्याने ब्रेक दाबला, याबद्दल तो कोर्टात शपथ घ्यायला तयार होता. तो उतरून पुढे गेला. नंबरप्लेट मॅटच्या रबरात रुतली होती आणि दोन्ही स्क्रू आपापल्या ठशांत जाऊन बसले होते.

त्याने पुन्हा केलं. या वेळी श्वास रोखून, सगळं लक्ष चेंडूवर ठेवून. चेंडू लागला, पाय दाबला. गाडी पुन्हा मॅटला भिडली होती, आणि त्याला काही लागलं नव्हतं, काही ऐकूही आलं नव्हतं. चेंडू लागतो तेव्हा गाडीच्या नाकापासून मॅटपर्यंत दोन वीत जागा असायची. ती त्याने पार केली होती आणि ती कधी पार केली हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याची पाचावर धारण बसली. मॅट का बसली, या कोड्यात तो महिनाभर डोकं घालून होता. आता डोक्याचंच कोडं झालं होतं.

कोरल दारात उभी होती.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"थंडीच्या आधीपासून. मी बेसिनपाशी होते. भिंत हादरली, खुंटीवरचा कप पडून फुटला. मला वाटलं तू आत येऊन काहीतरी बोलशील. तू शीळ घालत आलास, नेव्ह."

"आणि तू मॅट आणून लावलीस."

"दुसरं काय करणार होते? म्हटलं, डॉक्टर सांगेल. निदान मला तरी नको सांगायला."

"आणि आज? ग्लेंडाकडे कोण जाणार होतं?"

 कोरलचे डोळे भरले होते आणि ती ते पुसतही नव्हती. नेव्हिलला तिचा भयंकर राग आला, आणि त्या रागाच्या तळाशी तिच्याबद्दल तेवढीच माया होती.

"बसपुढून पोरं जायची माझ्या," तो म्हणाला. "रोज. दप्तरं ओढत, एकमेकांना ढकलत. मी तसाच दोन वीत पुढे गेलो असतो तर?"

"नाही गेलास."

"तेव्हा नाही गेलो."

तो आत गेला. तान्या ताटं उचलत होती. त्याने रश्शाच्या भांड्याजवळची किल्ली उचलून खुंटीला परत लावली आणि आपल्या खिशातली काढून तान्याच्या हातात दिली. "तुझी आई खोटारडी आहे," तो म्हणाला. "गाडी मात्र तिला उत्तम येते." तान्याने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि ताटं तिथेच ठेवून खुर्चीत बसली.  आइस्क्रीम कोणाला आठवलंच नाही.

गुरुवारी कोरल म्हणाली, चल माझ्याबरोबर, घरात बसून काय करणार आहेस. नेव्हिलने कोट घातला, टोपी घातली आणि छोट्या गाडीत तिच्या शेजारी, डाव्या सीटवर जाऊन बसला. गुडघे पुढे अडत होते. दार लावून त्याने पट्ट्यासाठी, चालकाच्या सवयीने, उजव्या खांद्यामागे हात नेला. हाताला काही लागलं नाही. त्याने पुन्हा चाचपलं, जरा वर, जरा खाली, आणि गोंधळून मागे वळून पाहिलं. तिथे पट्टा नव्हता, नुसती हवा होती. कोरलला दिसत होतं. ती समोर रस्त्याकडे बघत, गाडी सुरू ठेवून, त्याचा हात डावीकडे जाईपर्यंत थांबली.