मोठाच घ्या

वामनरावांनी आधी लहान लॅपटॉप उचलून पाहिला, मग मोठा. मोठा उचलताना त्यांना दुसरा हात लावावा लागला, आणि तेवढ्यावरच ते खूश झाले.

"किंमत दोन्हींची सारखीच ना?"

"जवळजवळ सारखीच," काउंटरमागून रवी म्हणाला.

"मग विचार कसला करायचा? तेवढ्याच पैशात एवढा मोठा माल मिळतोय."

"बाबा, हा पाठीवर घेऊन रोज कॉलेजात कोण जाईल?" शाल्मली म्हणाली. विशी ओलांडलेली, बारीक अंगाची, चष्मा लावणारी मुलगी. आल्यापासून तिचं लक्ष लहान लॅपटॉपवरच होतं. तिनं त्याचं झाकण उघडलं होतं, पालथा करून हवेच्या फटी पाहिल्या होत्या, आतलं ग्राफिक्स कार्ड कुठलं ते रवीला विचारलं होतं. तिला पुण्याला जायचं होतं. कॉम्प्युटरवरचे गेम तयार करायला शिकवणाऱ्या एका संस्थेत तिला प्रवेश मिळाला होता, आणि तिथं प्रत्येकानं आपलं मशीन आपण आणायचं होतं. साधा लॅपटॉप त्या कामाला पुरत नाही, गेमिंगचाच लागतो, हे तिनं घरी कितीदा समजावलं असेल कोण जाणे. वामनराव इथवर आले होते म्हणजे अर्धी लढाई ती जिंकली होती.

रवीला गिऱ्हाईक पाहताक्षणी कळायचं. ही मुलगी लहानच घेणार, आणि तिचं बरोबर होतं. लहान लॅपटॉप नवा होता, ताकदीला मोठ्याच्या वरचढ होता. मोठा मागच्या दिवाळीपासून काचेच्या कपाटात बसून होता. दुकानाचे मालक प्रेमसिंगभाऊ यांनी तो कापसाचा हंगाम बरा जाईल या भरवशावर मागवला होता. त्या वर्षी बोंडअळीनं शेतंच्या शेतं खाल्ली. यवतमाळच्या बाजारात गिऱ्हाईक फिरकेना. दुकानातल्या दोन पोरांना प्रेमसिंगभाऊंनी घरी बसवलं, एकट्या रवीला ठेवलं. तेव्हापासून रवी रोज त्या मोठ्या लॅपटॉपवरची धूळ पुसत होता.

तरी तो लहानच देणार होता. तोंडातून शब्द निघायचाच बाकी होता.

तेवढ्यात वामनरावांनी मोठ्या लॅपटॉपची कड अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून चोळली. "मला माल हातात घेतला की कळतो," ते कौतुकानं म्हणाले. "जन्म गेला कापसाची प्रत ठरवण्यात. दिग्रसच्या जिनिंगमध्ये ग्रेडर होतो मी."

रवीनं मान वर केली.

केस पांढरे झाले होते, गाल उतरले होते. पण आवाज तोच. रवी चौथी-पाचवीत असताना बापाचा डबा घेऊन जिनिंगच्या आवारात जायचा. त्याचा बाप उकंडा तिथं हमाल होता. एका दुपारी कापसाच्या गंजीत ओला कापूस सापडला. वजन वाढवायला पाणी कोणी मारलं होतं ते सगळ्या आवाराला माहीत होतं, पण व्यापाऱ्याचं नाव कोण घेणार? ग्रेडरसाहेबांनी समोर उभ्या असलेल्या उकंडाला जवळ बोलावलं. ओल्या कापसाचा बोळा त्याच्या तोंडात कोंबला आणि म्हणाले, "चाखून सांग, पाणी आहे का तुझा घाम आहे?" लोक हसले. रांगेतली शेवटची गाडी मोजून होईपर्यंत बोळा काढायचा नाही, असा हुकूम झाला. उकंडा तसाच उभा राहिला. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते गुदमरल्यामुळे की कशामुळे, ते डबा धरून उभ्या असलेल्या पोराला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी उकंडा पुन्हा त्याच आवारात कामाला गेला. त्यानंतरही वर्षानुवर्षं गेला.

"तुम्ही दिग्रसचे का?" वामनरावांनी सहज विचारलं. रवीच्या पाहण्यात काही तरी आलं असावं.

"हो. माझे वडील जिनिंगमध्ये होते. उकंडा."

वामनरावांनी आठवून पाहिलं. खरोखर मनापासून आठवून पाहिलं. "नाही बुवा. फार माणसं होती तिथं. बरे आहेत ना ते?"

"बरे आहेत."

"छान. मग तुम्ही आपलेच माणूस झालात. आता तुम्हीच सांगा, कुठला घेऊ? तुम्ही म्हणाल तो घेतो. हिचं ऐकत नाही नि माझंही ऐकत नाही."

शाल्मलीच्या चेहऱ्यावर हसू आलं. दुकानदार पोराला यातलं कळतं, हे तिनं मघाच ओळखलं होतं. तो काय सांगणार याची तिला खात्री होती.

"मोठाच घ्या," रवी म्हणाला.

मुलीचं हसू जागच्या जागी राहिलं.

"लहान गरम होतो," रवी बोलत गेला. जीभ आपसूक चालत होती. "उन्हाळ्यात इथं टिकत नाही. वर्षभरात बोर्ड जळतो, मग परत यायचं भांडत. मोठ्याला हवा खेळती राहते."

"पण मी वाचलं होतं की..." शाल्मली म्हणाली.

"वाचणं वेगळं, ताई. आम्ही रोज दुरुस्त करतो."

"पण हा रोज न्यायचा कसा?"

इथंच तो थांबू शकला असता. मोठा खपला होता, प्रेमसिंगभाऊ खूश झाले असते. पण त्याला वामनरावांचं काही तरी मोडायचं होतं, आणि हाताशी फक्त हीच होती.

"हा न्यायचा नसतो. घरी टेबलावर ठेवायचा," तो म्हणाला. "आणि कायले न्यायचा? आता सगळे कोर्स घरबसल्या होतात. पुण्याला जाऊन लोक पैसे उडवतात, दुसरं काय."

"ऐकलंस?" वामनराव म्हणाले. "मी सांगितलं की तुला पटत नव्हतं."

शाल्मलीनं रवीकडे नीट पाहिलं. रागानं नव्हे. एखादं गणित चुकलं की आपण वही जवळ घेऊन पाहतो, तसं. मग तिनं लहान लॅपटॉपचं झाकण अलगद बंद केलं.

रविवारी रवी एसटीनं दिग्रसला गेला. उकंडाची कंबर आता धरली होती, तो दिवसभर दाराशी खाटेवर पडून असायचा. कुणी बोललं तर हं म्हणायचा, नाही तर तेही नाही. रवीनं जेवताना किस्सा सांगितला. आधी उकंडाला वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली.

"कोन? वामन ग्रेडर?"

"हो, बाबा."

"अन् तुह्या हातानं घेतला त्यानं? सडका माल?"

"सडका नाही. वर्षभर पडून होता. पोरीले लहान पाह्यजे होता, म्या मोठाच गळ्यात मारला."

उकंडा उठून बसला. कंबर दुखत असताना उठून बसला. आणि हसायला लागला. आधी नुसता श्वास, मग आवाज, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. रवीची आई तुळसाबाई चुलीपासून उठून पाहायला आली. तिला नवऱ्याचं असं हसणं ठाऊकच नव्हतं.

"पुन्यांदा सांग बरं," उकंडा म्हणाला. "त्यानं काय म्हनलं? तुमी म्हनाल तो घेतो? अरे बाप्पा! अन् तू काय म्हनलं?"

"मोठाच घ्या."

"मोठाच घ्या!" उकंडानं मांडीवर थाप मारली. "तुळसे, चहा ठेव. माह्या पोरानं ग्रेडरले मापलं."

तुळसाबाईनं चहा ठेवला. कप देताना तिनं रवीला विचारलं, "अन् पोट्टी काय म्हने?"

"काई नाई."

"रडली का?"

"नाई."

"तिले काहून फसवलं रे? तिनं काय केलतं?"

"तू चूप राय," उकंडा म्हणाला. "सांगू दे त्याले."

पुढं महिनोन् महिने दर रविवारी किस्सा निघायचा. शेजारचा पूनमसिंग आला की उकंडा म्हणायचा, "रवी, सांग ना याले." हळूहळू तो स्वतःच सांगू लागला. त्याच्या तोंडी लॅपटॉप खाटेएवढा झाला, वामनराव हात जोडू लागले. बाप दाराबाहेर पडू लागला, चौकात जाऊन बसू लागला. डॉक्टरच्या गोळ्यांनी झालं नव्हतं ते या किश्शानं केलं. रवीला वाटायचं, आपण आयुष्यात एक काम चोख केलं.

पुढच्या उन्हाळ्यात शाल्मली दुकानात आली, एकटी. खांद्यावरच्या पिशवीनं ती एका अंगाला कलली होती. पिशवी काउंटरवर ठेवून तिनं तळहातानं मान दाबली.

"हा पुसून द्यायचा आहे. सगळं काढून टाका. नव्यासारखा करा."

"काही बिघाड?"

"नाही. माझं लग्न ठरलंय, नेरला. तिथं धाकट्या दिराला गेम खेळायला हवाय. मोठा आहे म्हटल्यावर फार आवडला त्यांना."

"आणि तुमचा कोर्स?" रवीनं विचारलं.

"घरबसल्या करणार होते. घरी बसलं की घरचीच कामं निघतात." ती बाकावर बसली. "मी पाहते पेपर तोवर."

पुसण्याआधी आत काय आहे ते पाहावं लागतं. गिऱ्हाइकांचे लग्नाचे फोटो हमखास राहून जातात. रवीनं फोल्डर उघडला. आत एकच गेम होता, 'माशी' नावाचा. त्यानं सुरू केला. समोर आठवडी बाजार उभा राहिला, आणि खेळणारा माशी. बोरं विकणारी एक म्हातारी होती. बोरांवर बसायचं आणि तिच्या हातातून वाचायचं. म्हातारी गिऱ्हाइकाशी भांडत राही, पान लावत राही, पाहत भलतीकडे राही, आणि अचानक तिचा हात येई. रवी मेला. पुन्हा बसला, पुन्हा मेला. तिसऱ्यांदा म्हातारीनं मारण्याआधी अशी तिरकी नजर टाकली, की तो एकटाच मोठ्यानं हसला.

"चापट खाल्ली का?" बाकावरून शाल्मलीनं विचारलं. आल्यापासून पहिल्यांदा तिचा आवाज हलका झाला होता.

"तीनदा मेलो."

"पहिल्यांदा सगळे मरतात. ती पान लावताना बसायचं नाही. तेव्हा ती जास्त सावध असते." ती उठून काउंटरपाशी आली. "पुढे गूळवाला करायचा होता. राहिला."

"हे तुम्ही एकटीनं केलं?"

"हो. पण रंग चुकलेत. शिकवणारं कुणी असतं तर बरं झालं असतं." मग तिनंच आठवण दिली. "पुसा ना."

"पेनड्राइव्हमध्ये काढून देतो. पैसे नको."

"चालवू कशावर?" ती म्हणाली.

रवीचा हात माऊसवर तसाच राहिला. "ताई, त्या दिवशी मी तुम्हाला..."

"तुम्ही बरोबर सांगितलं होतं," ती घाईनं म्हणाली, जणू त्याला वाईट वाटू नये म्हणून. "एकदाही बंद पडला नाही. मीच उगाच लहान लहान करत होते."

रवीनं बटण दाबलं. मशीननं विचारलं, नक्की ना? त्यानं पुन्हा दाबलं.

वामनराव स्कूटर लावून आत आले. त्यांच्या हातात लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. एकीवर त्यांनी स्वतःच्या पेननं रवीचं नाव विचारून लिहिलं आणि दोन्ही हातांनी पुढे केली.

"यायचंच. तुमचे उपकार आहेत आमच्यावर," ते म्हणाले. "त्या दिवशी लहान घेतला असता तर ही गेली असती पुण्याला. मग कसलं नेर आणि कसलं स्थळ! माझं तिनं ऐकलं नसतं. तुमचं ऐकलं." पत्रिका अजून त्यांच्या दोन्ही हातांत होती. "वडिलांनाही घेऊन या. काय नाव म्हणालात त्यांचं?"

"उकंडा."

"हां. आणा त्यांना. पंगतीला आपल्या शेजारी बसवू."

रवीनं पत्रिका घेतली. त्याला काही बोलायचं होतं, पण बोलण्यासारखं जे होतं तो किस्सा आता बापाचा होता, आणि दिग्रसच्या चौकात बाप त्यावर जगत होता.

पायऱ्यांखाली वामनरावांनी लॅपटॉप पिशवीसकट स्कूटरवर पायांपाशी ठेवून पाहिला. आडवा मावेना, उभा केला तर हँडल वळेना. "धर गं तूच," ते म्हणाले. शाल्मली मागे बसली. तिनं तो मांडीवर घेतला, दोन्ही हातांचा वेढा घातला आणि हनुवटी त्याच्या कडेला टेकवली. धरायला हात मोकळा उरला नव्हता. स्कूटर सुरू झाली तशी ती मागे झुकली, सावरली, आणि खड्ड्याखड्ड्यांनी उडत दत्त चौकाच्या गर्दीत गेली.