उलटी गाठ

माझ्या लेकीची, स्नेहलची हळद दुपारी होती आणि सकाळी अंगणात मोगरा, शेवंती, निशिगंधाच्या टोपल्या तशाच पडून होत्या. गल्लीतल्या, माझ्याकडेच कामाला येणाऱ्या सगळ्या बायका आल्या होत्या. चहा प्यायल्या, गप्पा मारल्या, पण फुलाला एकीनं हात लावला असेल तर शपथ. एरवी आमच्या मखमलाबादेत हळद म्हटली की बायका न सांगता सुई-दोरा घेऊन बसतात.

"बसा ना ओवायला," मी म्हणाले.

चंद्रभागा मावशींनी पदर सावरला. "आमी नाय बाई. तू सही घेतलीय. गाठ कुनाला दाखवायची नाय, तुझ्या कामाबाहेर बांधायची नाय. हितं तर सगळा गाव बघतोय."

कागद मीच केला होता. हळदीसाठी खऱ्या फुलांचे दागिने करते मी. नवरी कितीही नाचली तरी पाकळी गळत नाही, ती माझ्या उलट्या गाठीमुळे. ती बसवायला दोन उन्हाळे गेले. मग माझ्याच हाताखाली शिकलेल्या सुवर्णानं नाशिकरोडला स्वतःचं काम सुरू केलं आणि माझ्याच कामाचे फोटो टाकून ऑर्डरी घेतल्या. माझं डोकंच फिरलं. वकील गाठला, तिला नोटीस धाडली, उरलेल्या बायकांच्या सह्या घेतल्या. चोरी ती चोरीच, आजही म्हणेन. पण तेव्हापासून कामावर कुणी गाणं म्हणेना, एक दुसरीच्या हाताकडे बघेना. मला वाटलं, शिस्त आली.

"मावशी, माझ्याच घरचं लग्न आहे हो."

"मंग तसा कागद दे."

त्या चेष्टा करत नव्हत्या, हेच वाईट. वाद घालायचं त्राण नव्हतं. एकटीच ओवायला बसले. एक बाजूबंद होईतो ऊन पायरीवर आलं, आणि मला सगळ्यांदेखत रडू फुटलं.

तेवढ्यात सुवर्णा आली. स्नेहलनं तिला मला न विचारता बोलावलं होतं. तिनं टोपल्या पाहिल्या, बायका पाहिल्या, आणि माझ्यासमोर फतकल मारली.

"मला नोटीस आलेलीच आहे, ताई. आता काय भ्यायचं?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. दोरा ओला घ्या, देठाखालून फिरवा, असं मोठ्यानं सांगत तिनं गाठ मारायला घेतली. मावशींनी माझ्याकडे बघितलं.

"कागदाचं उद्या बघू," मी म्हणाले. "आज बांधा."

मग दागिने व्हायला कितीसा वेळ लागतो!

दुपारी स्नेहल सजून पाटावर बसली. सुवर्णानं मोबाईल काढला आणि थबकली.

"फोटो टाकू, ताई? खाली काम कुणाचं लिहू?"

भांडायचं तर हीच वेळ होती. नाव तिचं की माझं, हेच डोक्यात घेऊन वर्षभर झोपले, उठले. समोर लेक हसत होती, आणि तिच्या अंगावरची कुठली गाठ कुणाची, ते मलाही कळत नव्हतं.

"स्नेहलची हळद, एवढंच लिही," मी म्हणाले. "दमले गं मी."