मी वाजले तरी येऊ नका

मी टेबलावरची घंटी बोलतेय. देवघरातली नव्हे, तिला हळदकुंकू मिळतं, आरतीला मान मिळतो. मी साहेबलोकांच्या टेबलावरची. खाली लाकडी चकती, वर पालथी घातलेली चकचकीत वाटी आणि तिच्या डोक्यावर एक बटण. बटणावर बोट दाबलं की ‘टिंग’. एवढंच माझं शिक्षण. पण त्या शिक्षणावर मी बावीस वर्षं माणसं पळवली आहेत, तेव्हा बोलण्यात थोडा तोरा आला तर सांभाळून घ्या.

माझा जन्म बडोद्याच्या वाडी भागातला. अरुंद गल्लीत एक कारागीर बसायचा, त्याने मला ठोकून घडवलं. प्रत्येक घंटी तो कानाशी धरून वाजवून बघायचा, आणि दर वेळी त्याची बायको माडीवरून ओरडायची, “कोण छे?” कोणी नसायचं. तरी दुसऱ्या घंटीला ती पुन्हा विचारायची. मी वाजले की माणूस उठणारच, हे मी तिथेच शिकले.

तिथून मी एका सरकारी कचेरीत गोविंदरावांच्या टेबलावर आले. गोविंदराव नोंदणी शाखेचे मुख्य कारकून. त्यांचे आजोबा संस्थानच्या कारभारात होते, त्यामुळे हुकूम सोडायची सवय घराण्यातलीच. एक टिंग, की शिपाई रमणभाई हजर. दोन टिंग, की चहा. पाठीमागच्या कपाटातली फाइल गोविंदरावांनी आयुष्यात कधी स्वतःच्या हाताने काढली नाही. काढली असती तर रमणभाईंनाच वाईट वाटलं असतं.

ते निवृत्त झाले तेव्हा कचेरीने त्यांना शाल दिली, श्रीफळ दिलं आणि आठवण म्हणून मला दिलं. दांडिया बाजारातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये शोकेसच्या काचेमागे मी अकरा वर्षं धूळ खात बसले. घरात माझं काही अडत नव्हतं. गोविंदराव खुर्चीतून नुसतं “अगं!” म्हणायचे आणि सुनेत्राबाई हातातलं टाकून “आले हो” म्हणत यायच्या. ना बटण, ना शिपाई. खोटं कशाला बोलू, मला त्या ‘अगं’चा हेवा वाटायचा.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. सकाळी दाढी करताना गोविंदरावांच्या हातातून वस्तरा गळून पडला. तो का पडला हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तर शब्दच निघेना. शेजारचे लोक म्हणाले लकवा, डॉक्टर म्हणाले स्ट्रोक. बारा दिवसांनी ते घरी आले तेव्हा उजवा हात लोंबत होता, उजवा पाय ओढत होता. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं की त्यांना सगळं कळतं, फक्त शब्द बाहेर येताना वाटेत अडकतात. पहिले काही महिने सोन्यासारखे आहेत, जेवढं करून घ्याल तेवढं परत येईल.

घरच्यांनी ते मनावर घेतलं. इतकं घेतलं, की करून घेण्याऐवजी सगळं आपणच करायला लागले.

मुलगा आशय गोरव्याला एका कारखान्यात इंजिनीअर. त्याने मला शोकेसमधून काढलं, पुसलं आणि बाबांच्या पलंगाशेजारी ठेवलं. आधी उजवीकडे ठेवलं होतं, मग म्हणाला, “उजवा हात कुठे चालतो? डावीकडे ठेवू या.” संध्याकाळी त्याने एक तक्ता करून आणला, तोही लॅमिनेट केलेला. एक टिंग पाणी, दोन टिंग लघवी, तीन टिंग टीव्ही, चार टिंग कूस बदलणे. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! अकरा वर्षांनी पुन्हा नोकरी, आणि तीसुद्धा चोवीस तासांची.

सुनेत्राबाईंचं वय अडुसष्ट. गुडघे दुखतात. पण टिंग झालं की त्या उठायच्याच. पाणी द्यायच्या, तेही ग्लास ओठाला लावून. घास भरवायच्या. सदऱ्याची बटणं लावायच्या. रुमालाने तोंड पुसायच्या. गोविंदरावांचं काम एवढंच, डाव्या हाताचं एक बोट माझ्या डोक्यावर ठेवायचं.

खबर काढायला माणसांची रीघ लागली. आमच्या बडोद्यात कोणी आजारी पडलं की त्याला बघून येणं हे देवदर्शनाइतकं पक्कं असतं, मग घर मराठी असो की गुजराती. येणारा प्रत्येक जण नारळपाणी आणायचा आणि पलंगाशी बसून गोविंदरावांबद्दल बोलायचा. गोविंदरावांशी कोणी बोलायचं नाही. “ऐकू येतं का यांना?” असं त्यांच्या तोंडासमोर विचारायचे. ज्या माणसापुढे फाइल घेऊन उभं राहायला लोक घाबरायचे, तो आता स्वतःच फाइलसारखा पडून होता आणि जो येईल तो शेरा मारून जात होता.

त्यातले बळवंतराव म्हणजे सुनेत्राबाईंचे मावसभाऊ. ते म्हणाले, “सेवा बघावी तर या घरात! माणसाला बोटसुद्धा हलवावं लागत नाही.” सुनेत्राबाईंचे डोळे पाणावले. आशयने मान खाली घातली, कौतुक झालं की घालतो तशी. मीही फुगले. गोविंदराव मात्र भिंतीकडे बघत होते.

व्यायामासाठी आठवड्यातून तीनदा कोमलबेन यायच्या. मुलगी तिशीची, गुजराती. पण पेशंटांकडूनच मराठी शिकलेली. आली की पहिलं वाक्य ठरलेलं, “काका, जमणो हाथ. उजवा! डावा बहू झाला.” तिने बसवलं की गोविंदराव बसायचे, तिने उभं केलं की उभे राहायचे. ती लिफ्टपाशी पोचेपर्यंत घरचे त्यांना परत पलंगावर निजवायचे. “दमले हो,” सुनेत्राबाई म्हणायच्या. बोलण्याच्या सरावासाठी हॉस्पिटलने एक कागद दिला होता, तोही कोमलबेनच घ्यायच्या. त्यावर चित्रं होती, आणि शेवटी घरच्या माणसांची नावं.

पहिल्याच आठवड्यात तिने सुनेत्राबाईंकडे बोट दाखवून विचारलं, “काका, ह्या कोण? यांचं नाव काय?”

गोविंदरावांनी तोंड उघडलं. मिटलं. कान लाल झाले. चादरीकडे बघत बसले.

कोमलबेनने कागदावर फुली मारली. पुढल्या वेळी पुन्हा तेच, त्याच्या पुढल्या वेळी पुन्हा तेच. चार आठवडे झाले, त्या ओळीपुढे फुल्यांची रांग लागली. त्या दिवशी सुनेत्राबाई स्वयंपाकघरात गेल्या. कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, तरी मला ऐकू आलं. फोनवर बहिणीला सांगत होत्या, “पंचेचाळीस वर्षांचा संसार गं. हात गेला, पाय गेला, ते मी सोसलं. पण मलाच विसरले.”

पलंगावर गोविंदरावांनीही ते ऐकलं. त्यांनी मला दाबलं. एकदा, दोनदा, पाचदा, सहादा. तक्त्यात चारच्या पुढे काही नव्हतं. सुनेत्राबाई डोळे पुसत धावत आल्या. पाणी दिलं, भांडं दिलं, टीव्ही लावला, कूस बदलली. जे सांगायचं होतं ते यातलं काहीच नव्हतं. मी वाजत राहिले, आणि माझ्या आवाजात ते सांगता येणार नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मला माझी लाज वाटली.

पुढच्या खेपेला कोमलबेनने सहज विचारलं, “मासी, काका आधी तुम्हाला काय म्हणून बोलवायचे?”

सुनेत्राबाई या वयात लाजल्या. “बोलवायचे म्हणजे... नाव कुठलं घ्यायला? आमच्यात नाही घेत. लग्नात उखाण्यात घेतलं होतं एकदा, तेवढंच. एरवी आपलं ‘अगं’.”

कोमलबेनने कपाळावर हात मारला. “अरे देवा! जे नाव काकांनी पंचेचाळीस वर्षांत घेतलं नाही, ते मी चार आठवडे मागतेय! आणि वर फुल्या मारतेय!” मग तिने कागद बाजूला ठेवला. “आणि आता? आता कसं बोलवतात?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

तिने मला उचललं, आणि तो लॅमिनेट केलेला तक्ताही. दोघांची रवानगी फ्रिजवर. आशय कळवळला. “अहो बेन, पण काही इमर्जन्सी झाली तर?”

“एक माणूस नेहमी हाकेच्या टप्प्यात बसायचं. लघवीच्या वेळा बांधून द्यायच्या. पण पाण्यासाठी घंटी नाही. भाई, तुम्ही काकांचं सगळं काम या डब्बीला देऊन टाकलं. जीभ कशाला मेहनत करेल?”

आशयने फ्रिजवरचा तक्ता उलटा करून ठेवला.

मग तीन दिवस घरात सुतक असल्यासारखं होतं. गोविंदराव फ्रिजकडे डावा हात करायचे, डोळे वटारायचे, घशातून नुसता घरघर आवाज काढायचे. बळवंतराव येऊन म्हणून गेले, “काय हा छळ! एक घंटी द्यायला काय जातं तुमचं?” एकदा तर सुनेत्राबाईंचा हात माझ्यापर्यंत आला. मी मनात म्हटलं, नको. आणि खरं सांगते, अर्धं मन ‘घे’ म्हणत होतं. त्यांनी हात मागे घेतला आणि पदराने फ्रिजवरची धूळ पुसल्यासारखं केलं.

चौथ्या दिवशी सकाळी पलंगाशेजारच्या स्टुलावर चहा ठेवला होता. पाजणार तेवढ्यात दाराची बेल वाजली. ती माझी धाकटी बहीण, विजेवर चालते. खालच्या मजल्यावरच्या बेन खबर काढायला आल्या होत्या. सुनेत्राबाई दारातच उभ्या राहून सांगू लागल्या, “नाही हो, काही फरक नाही. एक अक्षर येत नाही बोलता. काल तर...”

इकडे चहावर साय धरली. गोविंदरावांनी चहाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मी फ्रिजवर, काय करणार? त्यांनी मान ताणली, ओठ वाकडे झाले.

“अ... अ...”

“...काल तर डोळ्यांनीसुद्धा ओळख...”

“अगं!”

“आले हो,” सुनेत्राबाई म्हणाल्या आणि सवयीने वळल्या. दोन पावलं टाकली आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या.

“चा,” गोविंदराव म्हणाले. बराच वेळ गेला. “गार.”

दीड महिन्याने नवऱ्याच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य म्हणजे तक्रार, आणि ती ऐकून बायको दाराची चौकट धरून रडत होती. खालच्या बेन धावत जिना उतरल्या आणि पंधरा मिनिटांत सगळ्या बिल्डिंगला कळवून मोकळ्या झाल्या. चहा तसाच राहिला. तो कोणीच गरम केला नाही.

या गोष्टीला आता पाच महिने झाले. सगळं छान झालं असं सांगायला मला आवडलं असतं. पण गोविंदराव अजून चहाला पाणी म्हणतात आणि पाण्याला आशय. संध्याकाळी काठी घेऊन, सुनेत्राबाईंचा हात धरून खाली ओट्यावर जाऊन बसतात. लोक अजून विचारतात, “ऐकू येतं का?” त्यावर ते “येतं!” असं खेकसतात; तो शब्द मात्र अगदी स्वच्छ येतो. हॉस्पिटलचा कागद भिंतीवर आहे. सुनेत्राबाईंच्या ओळीपुढच्या फुल्या कोमलबेनने खोडल्या. त्यापुढे सुनेत्राबाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे, ‘अगं’.

आणि मी? मलाही परत बोलावलं आहे. या वेळी जागा उजवीकडे, हात पुरा लांब केल्याशिवाय पोचणार नाही अशी. रोज सकाळी वीस वेळा मला वाजवायचं, उजव्या हाताने. सुरुवातीला बोट घसरायचं आणि नुसतं ‘टक्’ व्हायचं. काल विसांपैकी नऊ वेळा टिंग झालं. पहिल्या टिंगला सुनेत्राबाई भाजी चिरता चिरता अर्ध्या उठल्या, आठवण झाली, परत बसल्या आणि तिथूनच मोजू लागल्या.

माझ्या आवाजावर कोणी आलं नाही, असं माझ्या जन्मात कधी झालं नव्हतं. आता रोज होतं. मी वाजते आणि कोणी येत नाही, आणि पलंगावरचा माणूस घाम पुसून पुन्हा हात लांब करतो.

तेव्हा तुम्हाला हात जोडून एकच सांगणं आहे. कधी सकाळच्या वेळी दांडिया बाजारातून जाताना वरून माझा आवाज आला, तर कृपा करून धावत येऊ नका. बाहेर उभं राहून मोजा. दहावं टिंग अजून व्हायचं आहे.