भिंतीतला अर्धा तास

शंभर ग्रॅम शिंपले भट्टीत घातले तर छप्पन्न ग्रॅम चुनकळी हाती येते. नम्रताला हे पुस्तकातून कळण्याच्या कितीतरी आधी बापाच्या तळहातावरून कळलं होतं. भट्टी निवली की भागोजी उजव्या हातात एक भाजलेला शिंपला घ्यायचा आणि डाव्या हातात एक कच्चा. दोन्ही दिसायला सारखेच, रेघा तशाच, कडही तशीच. डोळे मिटून तो दोन्ही हात जरा वरखाली करायचा आणि म्हणायचा, "झालाय." नाहीतर, "पोटात कच्चा हाय." भाजलेला शिंपला कच्च्याच्या निम्म्याहून किंचित जड भरायला हवा, हे त्याचं माप. चाळीस वर्षांत ते चुकल्याचं वाडीत कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

वाडी अंजनवेलच्या अलीकडे, खाडीच्या काठाला. घराच्या मागे जांभ्याच्या चिऱ्यांची छातीइतकी उंच गोल भट्टी. तिच्यात एक थर कोळशाचा, एक थर शिंपल्यांचा, असं तोंडापर्यंत भरत जायचं. नववीत असताना नम्रताने त्या भट्टीचं समीकरण वहीत लिहून घरी आणलं. डावीकडे शिंपला, उजवीकडे चुनकळी आणि कार्बन डायऑक्साइड वायू. शंभर बरोबर छप्पन्न अधिक चव्वेचाळीस.

"बाबा, तुमचं माप बरोबर आहे," ती म्हणाली. "उरलेले चव्वेचाळीस हवेत जातात. नाहीसं काहीच होत नाही."

"मी कुठं म्हनलं नाहीसं होतंय? मला दिसत न्हाय, येवढंच."

आई, गोदा, ओट्यावर मासे कापत होती. तिने मान वर न करता विचारलं, "जातंय ता परत येतंय का?"

 दुसऱ्या दिवशी नम्रता शाळेत विचारून उत्तर घेऊन आली. येतं. चुनकळीवर पाणी मारून केलेला चुना भिंतीला लावला की तो हवेतून तोच वायू ओढून घेतो आणि पुन्हा शिंपल्यासारखा कठीण होतो. चुना नुसता सुकत नाही, गेलेलं परत घेतो.

"म्हंजे मुंबैवाल्यांसारखं," गोदा म्हणाली. "भट्टीतनं जातंय नि शिमग्याला घरात येतंय."

शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते, म्हणून त्याआधी दरवर्षी घराला चुना लागायचा. स्वतःच्या भट्टीतला चुना आणि त्यात निळीचा एक थेंब. लावायची गोदाच. भागोजीने भाजायचं आणि तिने लावायचं, अशी वाटणी होती.

आता नम्रता पस्तिशीची. चिपळूणच्या एका हायस्कुलात नववीला विज्ञान शिकवते. धाकटा भाऊ रितेश मुंबईला लिफ्ट दुरुस्त करतो आणि शिमग्याला येतो. गोदा जाऊन बावीस महिने झाले. वाडीतल्या घरात भागोजी एकटा असतो.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात वर्गात उजळणी चालली होती. फळ्यावर चुन्याचं समीकरण होतं आणि सानवी नावाच्या मुलीने हात वर केला. ही मुलगी प्रश्न विचारायची ते शेवटच्या टोकापर्यंत.

"बाई, भिंत कार्बन डायऑक्साइड घेते तो येतो कुठून?"

"हवेतून."

"हवेत कुठून?"

"चुलीतून, गाड्यांतून. आपल्या श्वासातून."

"मग घरातल्या भिंतीत घरातल्यांचाच श्वास असणार की."

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "तुमच्याकडे ऑइलपेंट आहे. तुमचा सगळा वाया." वर्ग हसला. नम्रता हसली नाही. तिने खडू खाली ठेवला आणि समीकरण वहीत उतरवून घ्यायला सांगितलं. सांगण्याची गरज नव्हती, मुलांनी ते कधीच उतरवलं होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या शिमग्याला गोदा अंथरुणाला खिळलेली होती. माजघरातल्या भिंतीला लागून तिची खाट. चुना लावायचा तर खाट हलवायला हवी आणि ती हलवू देईना. शेवटी भागोजीने ती असतानाच तिच्याभोवतीने चुना लावला. ती उशीवरून बोट दाखवत होती. "वर राहिलंय. आढ्याच्या खालती. अवो तिकडं न्हाय, हिकडं. चाळीस वर्सं भाजलात नि एक भित लावता येत न्हाय." ओल्या भिंतीकडे तोंड करून ती पुढचे सात आठवडे झोपली. वैशाखात गेली. तो चुना घट्ट झाला तो त्या सात आठवड्यांत. त्यानंतरचा शिमगा वर्षाच्या आतला, म्हणून घराला कुणी हात लावला नाही. आईचं घरातलं काय उरलं असेल, तर लुगडी नाहीत, ती वाटून झाली होती. ते त्या भिंतीत होतं आणि बावीस महिने हे नम्रताच्या ध्यानात आलं नव्हतं.

मधल्या सुट्टीत तिने वडिलांना फोन लावला.

"बाबा, माजघराची भिंत यंदा नका खरवडू."

"काय? ऐकू येत न्हाय गो. मी भट्टीत उतरलोय." आवाजात बऱ्याच दिवसांनी उत्साह होता. "भट्टी लावतोय बाय. दोन वर्सांनी. पालखी यायची म्हंजे घर काय तसंच ठेवायचं?"

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तिने एस.टी. धरली. दुपारी तीन वाजता ती माजघराच्या दारात उभी राहिली तेव्हा भिंत खरवडून झाली होती. आतला जांभा उघडा पडला होता. खाली पसरलेल्या गोणपाटावर चुन्याच्या पापुद्र्यांचा ढीग होता आणि त्याच्यापाशी केसांपासून पायांपर्यंत पांढरा झालेला भागोजी बिडी शिलगावत होता.

"आलीस? बरं झालं. फुगे आले व्हते भितीला, वरनं लावून टिकला नसता."

"याचं काय करणार?" तिने ढिगाकडे बोट दाखवलं.

"भट्टीला. माजा बापूस असंच करायचा. घरचा जुना चुना टाकायचा न्हाय. शिंपल्यावर घालायचा नि परत भाजायचा. मग तोच चुना तुज्या आयशीच्या भितीला." त्याने धूर सोडला. "म्हंजे तिचं तिकडंच ऱ्हायलं."

गेल्या दोन वर्षांत तो इतकं सलग बोलला नव्हता. नम्रताने पिशवी खाली ठेवली आणि चहा करायला गेली.

त्याचं म्हणणं निम्मं बरोबर होतं. भाजलं की चुनकळी उरेल आणि ती तीच असेल, एक कणही इकडेतिकडे न होता. पण ती मुळात शिंपल्यांची, खाडीची. गोदाचं होतं ते उरलेल्या चव्वेचाळिसांत, आणि भट्टी नेमकं तेच सोडून देणार होती. बाबा जो चुना राखायला बघत होते तो राहिला असता. त्यांना जे राखायचं होतं ते भट्टीच्या तोंडातून वर गेलं असतं, खाडीवरून.

तो हात धुवायला विहिरीवर गेला तेव्हा तिने ढिगातून पापुद्रे निवडले. उशीच्या उंचीवरचे कोणते हे सांगणं अवघड होतं. पण खाटेच्या कठड्याने भिंतीवर घासून एक करडी रेघ उमटली होती. ती रेघ असलेले आणि तिच्या आसपासचे तिने घेतले. खायचा चुना विकायची छोटी तागडी फडताळात होती. एका पारड्यात पन्नास ग्रॅमचं वजन टाकलं, दुसऱ्यात पापुद्रे. दोन तुकडे काढले, एक परत घातला. काटा मध्यावर आला.

पन्नासांत बावीस ग्रॅम वायू. माणूस श्वासातून तासाला साधारण चाळीस ग्रॅम सोडतो. आजारी, पडून राहिलेली बाई थोडी कमी. म्हणजे अर्धा तास, फार तर चाळीस मिनिटं.

तिने हिशेब दोनदा केला. त्याच्यातली भोकं तिला दिसत होती. खिडकी उघडी असायची. चूल पेटायची. बाबा तिथेच जमिनीवर झोपायचे. रविवारी ती स्वतः येऊन खाटेच्या कडेला बसायची. त्या बावीस ग्रॅममध्ये या सगळ्यांचा वाटा होता. समीकरण दोन्ही बाजूंचे अणू मोजून देतं, पण कुणाचे ते सांगत नाही. तरी अर्धा तास हा आकडा तिच्या डोक्यातून जाईना. अर्ध्या तासात आई तांदूळ निवडायची. अर्ध्या तासात ती एस.टी.च्या थांब्यापर्यंत सोडायला यायची आणि गाडी येईपर्यंत तेच तेच सांगत राहायची. शेवटच्या रविवारी नम्रता अर्धा तास लवकर निघाली होती. पेपर तपासायचे होते.

पापुद्रे तिने रुमालात बांधले.

रविवारी सकाळी भट्टी तोंडापर्यंत भरलेली होती. वरच्या थरावर ओतायला भागोजीने गोणपाटाची चार टोकं धरली आणि नम्रता म्हणाली, "बाबा, थांबा जरा."

मग तिने सांगितलं. सावकाश, नववीच्या वर्गाला सांगते तसं. भट्टीत काय राहील आणि काय जाईल. त्यातलं आईचं कोणतं.

भागोजीने गोणपाट खाली ठेवलं आणि चिऱ्यावर बसला. तो खाडीकडे बघत होता. पलीकडे वीज प्रकल्पाच्या चिमण्या दिसत होत्या.

"सगळं जाईल?"

"सगळं. नीट भाजलं तर."

"मी कच्चं ठेवीत न्हाय." तो म्हणाला. "नि मग भित लावली का परत घेईल?"

"घेईल. पण ते आईचं नसेल. तेव्हा घरात जो असेल त्याचं."

"घरात कोण हाय?"

नम्रताने हातातला रुमाल मुठीत धरला.

"मी एकटा पुरा पडन का गो येवढ्या भितीला?" तो हे तक्रारीने म्हणाला नाही. शिंपले पुरतील का, कोळसा पुरेल का, असं विचारावं तसं विचारलं.

"वारा असतो," ती म्हणाली. "हवेतूनही घेते."

"वाऱ्यावर काय, गोठ्याची भितपन घट्ट होते."

त्याने तिच्या मुठीतल्या रुमालाकडे पाहिलं. कालची तागडी तिने पुसून ठेवली होती, पण पारड्याच्या कडेला पांढरं राहिलं असणार. त्याच्या नजरेतून चुना सुटत नसे.

"किती हाय त्यात?"

"पन्नास ग्रॅम."

"म्हंजे किती?"

"आईचा अर्धा तास."

भागोजीने हात पुढे केला. तिने रुमाल दिला. त्याने तो तळहातावर तोलला, डोळे मिटून, जरा वरखाली करून, आणि परत तिच्या हातात ठेवला.

"तुला ठेवायचा तर ठेव. मी काय बोलत न्हाय. पन डबीत ठेवलास तर डबीतच ऱ्हाईल. तुजी आयस काय एकटी बसनारी बाय व्हती? पाच मिंटं कोन दिसलं न्हाय तर कुंपनाशी जाऊन हाक मारायची."

तो उठला. गोणपाट उचलून त्याने सगळं वरच्या थरावर ओतलं आणि फावड्याने सारखं केलं. मग बाजूला झाला. नम्रताने भट्टीच्या काठावर हात टेकले. रुमालाची गाठ घट्ट बसली होती, ती सोडवायला वेळ लागला. करडी रेघ असलेला तुकडा तिने शेवटी टाकला.

खालच्या तोंडाशी भागोजीने जाळ घातला. धूर आधी काळा आला, मग करडा, मग विरळ. दहाच्या सुमाराला काहीच दिसेनासं झालं, नुसती भट्टीवरची हवा थरथरत राहिली. पलीकडची माडाची झाडं त्या हवेतून वाकडी दिसत होती. आता जातंय, हे तिला माहीत होतं. दोघंही तिथून हलली नाहीत.

शाळेत तिने शुक्रवार-शनिवारची रजा टाकली. अर्जात कारण लिहिलं, घरी पालखी. रितेशला फोन करून सांगितलं, शनिवारी पहाटे येतोस ते एक दिवस आधी ये. तो म्हणाला, "ताई, एका दिवसाने काय फरक पडतो?" ती म्हणाली, "ये तू. आल्यावर सांगते." त्याने बरं म्हटलं.

शुक्रवारी दुपारपर्यंत माजघराच्या भिंतीला चुना लावून झाला. भागोजीने वरचा भाग केला, खालचा तिने. आढ्याखाली एक पट्टा राहिला होता. "वर राहिलंय," ती म्हणाली. त्याने वळून बघितलं आणि परत शिडीवर चढला.

रितेश सहापर्यंत पोचणार होता. भागोजी त्याच्यासाठी मासे बघायला खाडीवर गेला. घरात ती एकटी होती. ओल्या चुन्याचा तो थंड वास. जिथे खाट असायची तिथे तिने सतरंजी टाकली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली, जेमतेम वीतभर अंतर ठेवून. चुना अजून हाताला लागत होता. तिने घड्याळ बघितलं. पावणेचार वाजले होते.

सव्वाचार झाले तेव्हा तिने परत बघितलं, आणि ती उठली नाही.